काउंटच्या ओठांवरचं रक्त

दादा, तुला ज्याने मारलं त्याला तू ओळखत नव्हतास. त्यालाही तुझं नाव ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात जमिनीवर अंथरायचं लिनोलियम कापायचा वाकडा चाकू होता आणि त्याला मारायचं होतं ते म्युझियमच्या भिंतीवरच्या एका डॅनिश काउंटला, जो स्वतःच्या बिछान्यात म्हातारा होऊन कधीच मेलेला आहे. पहिला वार कॅनव्हासवर पडला, कानापासून छातीपर्यंत. दुसरा तुझ्या गळ्यावर. तिसऱ्याची गरज उरली नाही. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो माणूस एवढंच म्हणाला, "तो माझ्याकडे बघायचा थांबेना."

हे वाक्य मी भांडी घासताना ऐकते, लायब्ररीत कार्डं लावताना ऐकते. कारण ती नजर तूच परत आणली होतीस. भिंगाखाली वाकून, कापसाच्या काड्यांनी, पिवळ्या पडलेल्या वार्निशच्या खालून तू ती बाहेर काढलीस. फोनवर मला म्हणालास, "सुजाता, आज त्याने डोळे उघडले." मी म्हटलं, "उघडू दे, तुला काय पगारवाढ देणार आहे?" तू हसलास. त्याच डोळ्यांनी त्या माणसाला पिसाळवलं. त्याच डोळ्यांनी तुला खाल्लं.

लोक मला शांत हो म्हणतात. मी तर जन्मभर शांतच होते. आपल्या घरात आवाज तुझा, पुस्तक माझं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तुझं कळल्यावर हॉटडिश, इथलं भट्टीत भाजलेलं नूडल्सचं जेवण, आणलं, वर फॉइल लावून, गरम. त्यांनी माझा हात दाबला, देवाचं काहीतरी म्हणाल्या आणि गेल्या. दार बंद झाल्यावर मी ते काचेच्या भांड्यासकट भिंतीवर मारलं. नूडल्स भिंतीवरून हळूहळू घसरत होत्या. त्या बघत मी उभी राहिले आणि मला बरं वाटलं. मग मी दुसरं भांडं शोधायला लागले. माझा नवरा अरुण धावत वर आला, "अगं काय करतेयस यार!" म्हणाला, माझं तोंड बघितलं आणि अनवाणी काचा गोळा करायला लागला. त्याच्या पायाला काच लागली. मला वाईट वाटलं नाही. कुणाचं तरी रक्त पुसून निघतंय एवढंच मी पाहिलं.

मग तुमच्या म्युझियमचे डायरेक्टर घरी आले. बर्फाचे बूट दाराशी काढून, मोज्यांवर चालत, सोफ्याच्या टोकाला बसले. तुझ्याबद्दल चांगलं बोलले. खरंच बोलले, मी त्यांचा राग करू शकले नाही. शेवटी म्हणाले, "चित्रावर मिलिंदचं रक्त आहे. चीर सांधता येईल. पण रक्त काढायचं की नाही, हे तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

"हात लावू नका," मी म्हटलं. "शिवू नका, पुसू नका."

"तसं ते टांगता येणार नाही आम्हाला."

"मग टांगू नका. तळघरात ठेवा. भिंतीकडे तोंड करून."

त्यांनी पुन्हा बूट चढवले आणि दारात म्हणाले, "प्लीज, विचार करा." मी विचार करत बसले. विचार म्हणजे काय, तुझ्याशी भांडत बसले. कारण तू काय म्हणाला असतास ते मला पाठ होतं. चित्रकाराने जे लावलं नाही ते चित्राचं नाही. धूर असो, माशीची घाण असो, नंतरच्या कुणी चोपडलेला रंग असो. आणि मी तुला ओरडून विचारत होते, तुझं रक्त त्याच रांगेत का रे? माशीच्या घाणीच्या शेजारी?

तुला पहिलं तैलचित्र भेटलं तेही मारासकट. तू आर्ट स्कूलला होतास. चुलतभावाच्या लग्नाला आपण गावी गेलो होतो आणि तू सरळ मालगुजाराच्या, गावच्या जमीनदाराच्या, बैठकीत शिरलास. त्याच्या बापाचं चित्र तिथे आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. पायात चपला, केस कॉलेजच्या पोरांसारखे. तुला आधी कॉलरला धरून बाहेर फेकलं आणि मग काठ्यांनी फोडलं. बाबा मध्ये पडले तेव्हा त्यांच्या पाठीवरही दोन बसल्या. आईने तुझा फाटलेला ओठ हळदीने दाबून धरला होता, ती रडत होती, आणि तू त्या ओठातून म्हणालास, "आई, त्याच्या मिशीचा रंग फुगलाय. लवकरच पडेल." बाबांनी त्या दिवशी तुला मारलं नाही एवढंच. नागपूरला येईपर्यंत ते तुझ्याशी बोलले नाहीत.

मला वाटायचं, तो मार तुझ्या आत कुठेतरी शिल्लक असेल आणि एक दिवस बाहेर येईल. तू कुणाचा तरी गळा धरशील. पण तू अमेरिकेत आलास, शिष्यवृत्तीवर, आणि जुन्या चित्रांचा डॉक्टर झालास. थंडीने नाक गळणाऱ्या या गावात, जिथे निम्म्या लोकांचे पणजोबा नॉर्वे-स्वीडनहून नांगर घेऊन आले, तिथे तुझ्या टेबलावर एक दिवस काउंट आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा डॅनिश सरदार. काळा कोट, पांढरा वेस्टकोट, छातीवर राजाने दिलेला तारा, एक हात कमरेवर. आणि ओठांवर मंद, मायाळू हसू. तू त्याच्याबद्दल वाचलंस, माझ्याच लायब्ररीतून पुस्तकं मागवून. कॅरिबियन बेटांवर त्याचे उसाचे मळे होते. तिथे आफ्रिकेतून आणलेली माणसं राबत, पळाली तर त्यांची पाठ सोलली जाई, पुन्हा पळाली तर पाय कापत. एवढं वाचून तू पुस्तक परत केलंस आणि म्हणालास, "आणि हा हसतोय बघ."

तू त्याला कशाने साफ करत होतास हे मला माहीत नव्हतं. ते कळलं माझ्याच घरी, ईडन प्रेरी या उपनगरात, महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाला. पुण्याच्या सुलभाकाकूंनी कौतुकाने विचारलं, "मिलिंद, एवढं जुनं चित्र पुसता कशाने हो? सोप लावता?"

"थुंकीने, काकू."

"म्हणजे… तोंडातल्या?"

"दुसरीकडून कुठून आणणार? कापूस काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हळूच फिरवायचा. मोठमोठ्या म्युझियममध्ये हेच करतात. इतकं सौम्य औषध बाटलीत मिळत नाही."

"शी! अहो उष्टं की ते! एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडाला!"

"मोठ्याच माणसाच्या लागते, काकू. लहान माणसांची चित्रं काढलीयत कुणी?"

सगळे हसले. काकूही हसल्या. तिथे थांबायचं होतंस. तू हातातली पोळी ताटात ठेवलीस आणि आवाज न चढवता म्हणालास, "हा काउंट चित्रासाठी उभा राहिला ना, तेव्हा तुमच्या पुण्यात पेशवाई होती. आमच्यासारख्यांच्या गळ्यात मडकं असायचं. थुंकी रस्त्यावर पडून तुमचा रस्ता बाटू नये म्हणून. आता तीच थुंकी मी रोज सकाळी याच्या कपाळाला लावतो. आणि काय सांगू, उजळतोय लेकाचा."

सुलभाकाकूंनी आमटीत चमचा फिरवला, बराच वेळ फिरवला, आणि मग म्हणाल्या, "मिलिंद, भात वाढू का?"

"वाढा ना," तू म्हणालास. दोनदा भात घेतलास.

तुला तुझ्या अपार्टमेंटवर सोडताना गाडीत मी तुझ्यावर घसरले. ते भांडण संपलंच नाही, म्हणून पुन्हा मांडते.

"तेवढं बोलायलाच पाहिजे होतं?"

"होतं."

"बरं. मग त्याच्या तोंडावर थुंक आणि मोकळा हो ना. पुसतोस कशाला? एका मालगुजाराचा मार खाल्लास आणि समुद्र ओलांडून दुसऱ्या मालगुजाराची दाढी करायला आलास."

तू इतका हसलास की समोरच्या काचेवर वाफ धरली. "काय बोललीस बे! ग्रंथपालबाई, तुझ्या लायब्ररीत हलकटांची किती पुस्तकं आहेत? झटकतेस ना त्यांच्यावरची धूळ?"

"पुस्तक वाचून निदान शिव्या देता येतात."

"चित्र बघूनही येतात. पण आधी दिसायला पाहिजे. मळाखाली सगळेच संत दिसतात, सुजाता."

मी म्हटलं, मी असते तर फाडलं असतं. तू म्हणालास, "फाडलं की तो सुटला. लोक त्याचीच कीव करतील." मी ऐकलं नाही. मला तेव्हा तो शब्दांचा खेळ वाटला. तुझ्या दारासमोर गाडी उभी करून मी म्हटलं, "उतर आता." तू उतरलास, वाकून खिडकीत म्हणालास, "पुढच्या वेळी काकूंना बोलवशील तेव्हा मलाही बोलव." आणि बर्फात पाय रोवत गेलास.

त्यानंतर काही आठवड्यांनी तुझा फोन आला. तू ओरडत होतास. त्याचं हसू खोटं निघालं होतं. ओठांवरचा रंग नंतरच्या कुणीतरी चढवलेला होता. खालच्या थराला तडे गेले होते आणि वरचा रंग त्या तड्यांत शिरून बसला होता, म्हणजे तडे जाऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर कुणीतरी त्याला हसवलं होतं. घराण्यातल्या कुणाला तरी पूर्वज मायाळू हवा होता. तू तो रंग कणाकणाने काढलास. खालून निघालं ते तोंड मी तुझ्या टेबलाशी उभी राहून पाहिलं. पातळ, आवळलेले ओठ. एका कोपऱ्यात किंचित खाली ओढलेले, जणू त्याला समोरच्या माणसाचा वास आला असावा. चित्रकाराने त्याला ओळखलं होतं, दादा. त्याचे पैसे घेऊन त्याला ओळखलं होतं. मी तुझ्याकडे बघितलं तर तू कॉफी पीत होतास, आणि इतकं खूष मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

ज्या बाईंनी ते चित्र म्युझियमला दिलं होतं, त्या फरचा कोट घालून बघायला आल्या. तुझ्या सहकारी इंग्रिडने मला नंतर त्यांची नक्कल करून दाखवली. "तुम्ही काय केलंत त्यांना?" बाई ओरडल्या.

"मॅम, मी काही केलं नाही. कुणीतरी त्यांना हसवलं होतं. मी ते काढलं."

"ही वॉज अ काइंड मॅन!"

"मे बी, मॅम. चित्रकाराला तसं वाटलेलं दिसत नाही."

त्या दिवशी मला वाटलं की मार खाल्लेल्या माणसाने असंच मारावं. हात न लावता. मी हे तुला बोलले नाही. आपल्याकडे भावाला असं बोलत नाहीत. त्याच्या ताटात जास्त वाढतात. मी तुला डबाभर करंज्या पाठवल्या आणि तू इंग्रिडबरोबर एका दिवसात संपवल्यास.

आणि असं मारता येणारा तू, त्या चाकूसमोर रिकामे हात घेऊन का गेलास? मला याच्याशीच भांडायचं आहे. माणसाला वाचवायला मध्ये पडायचं असतं, चित्राला नाही. तुझ्या अंत्यविधीत बुद्धवंदनेला उभी होते, शिकागोहून आलेली माणसं हात जोडून वंदना म्हणत होती, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की म्युझियमला आग लावावी. त्या काउंटची चौकट मोडून तिच्याच लाकडाने त्याचं तोंड ठेचावं. त्या चाकूवाल्याला नव्हे, तो बिचारा कुठल्यातरी इस्पितळात भिंतीशी बोलतोय. मला काउंट हवा होता. तू त्याच्यासाठी मेलास, ज्याने तुला अंगणात उभं केलं नसतं. ही कसली नोकरी, दादा? हे कसलं इमान?

शेवटी मी इंग्रिडला फोन केला. ती तेव्हा तिथे होती. तुझ्याकडून "काय बे" शिकलेली ती आडदांड, वेणीवाली, नॉर्वेजियन शेतकऱ्याची मुलगी. पूर्वी फोन उचलून मला "काय बे" म्हणायची. या वेळी नुसतं "सुजाता" म्हणाली.

मी सरळ विचारलं, "मिलिंद चित्राकडे धावला का?"

"आम्ही उजेड मोजायला गॅलरीत गेलो होतो. मी मीटर घेऊन चित्राला खेटून उभी होते. तो माणूस आला, त्याने एकदा कापलं, पुन्हा हात उचलला. मिलिंद दारात होता. तो धावला. चित्र आणि मी एकाच जागी होतो, सुजाता. तो कुणासाठी धावला ते मला माहीत नाही. मला पुन्हा विचारू नकोस. मी स्वतःला रोज विचारते."

मी फोन ठेवला नाही. तीही ठेवेना. दोघी रडत होतो की नुसता श्वास घेत होतो, सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "तू त्याला तळघरात ठेवायला सांगितलंस. एकदा बघून जा. मग मीच नेऊन ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. तुझ्या खोलीत तुझा एप्रन अजून खुंटीला होता. काउंट टेबलावर उताणा पडला होता, वर दिवे. मी त्याला बघायला नव्हे, त्याची दुर्दशा बघायला गेले होते हे तुला कळलं असेलच. चीर कानाखालून निघून गाल फाडत छातीपर्यंत गेली होती. कडा वळून वर आल्या होत्या, आतले धागे सुटले होते. मला समाधान वाटलं. मग मी रक्त बघितलं.

ते त्याच्या तोंडावर होतं. वाळून तपकिरी झालेलं. तू उकरून काढलेल्या ओठांवर इतकं, की ओठच दिसत नव्हते. खाली पांढऱ्या वेस्टकोटवर ओघळ गेला होता, ताऱ्याच्या बरोबर खालून, राजाने दिलेल्या फितीसारखा. आणि दादा, तो घायाळ वीरासारखा दिसत होता. रणांगणावर पडलेला, मायभूमीसाठी वगैरे. डोळ्यांतला तो थंडपणा आता वेदनेसारखा वाटत होता. कुणीही आत आलं असतं तर हळहळलं असतं. मलाच क्षणभर त्याची दया आली. मला! तुझं रक्त त्याला शोभून दिसत होतं. आयुष्यात ज्याच्या अंगावर कुणी ओरखडा काढला नाही, त्याने तुझं मरण छातीवर लावलं होतं.

"काढ," मी म्हटलं.

"काय?"

"रक्त काढ. सगळं. एक ठिपका ठेवू नकोस त्याच्या अंगावर."

इंग्रिडने माझा दंड धरला. "नीट विचार कर. आम्ही लावतो ते सगळं पुन्हा काढता येतं. काढलेलं पुन्हा लावता येत नाही."

"मला कळतंय. त्याला ते मिळणार नाही. त्याच्या बापाचं नाही ते."

तिने खुर्ची ओढली. काडीला कापूस गुंडाळला, जिभेला लावला आणि थांबली. तिचं तोंड कोरडं पडलं होतं. मी तिला पाणी आणून दिलं. ती थोडं प्यायली, थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि मग ओठांच्या त्या खाली ओढलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. काडी फिरायची, तपकिरी व्हायची, बरणीत पडायची. नवी काडी. मी शेजारी उभी राहून बघत होते. इतक्या जवळून तू आम्हाला कधी लाभला नव्हतास आणि आता एकेका काडीने जात होतास. मला तिच्या हातावर फटका मारावासा वाटला. मी हात पाठीमागे बांधून ठेवले.

दुपारी इन्शुरन्सवाल्यांची फोटोग्राफर आली. पंचविशीतली मुलगी, गळ्यात दोन कॅमेरे, च्युइंगम चघळत. तिला फक्त चिरेचे फोटो हवे होते. तोवर चेहरा मोकळा झाला होता. गाल फाटलेलाच होता, कडा तशाच वर आलेल्या, पण ते आवळलेले ओठ पुन्हा दिसत होते. तिने स्टुलावर चढून खाली कॅमेरा रोखला. बटण दाबलं नाही. कॅमेरा बाजूला करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं.

"जीझ," ती म्हणाली. "या माणसाकडे मी एक दिवस नोकरी करणार नाही."

तिला त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं, दादा.